वायरलेसवर खरी जागा

बोईसर,
६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मामा,

नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून हेमालीने सुचवलं की कागदावर लिहा. "बाबा कागदाला उत्तर देतात," असं तिचं म्हणणं. ती स्वतः लिहिणार नाही. सहा वर्षांपूर्वी आमच्या लग्नाच्या मांडवात तुम्ही माझ्याबद्दल जे बोललात त्यानंतरचा तिचा निश्चय तुम्हाला माहीत आहे. बाबांनी स्वतः बोलावल्याशिवाय सातपाटीच्या घरात ती पाय ठेवणार नाही. मी त्यात पडत नाही. माझं काम वेगळं आहे.

गेल्या वर्षी मी एक जुनी जीप घेतली. आमचा पाच गाड्यांचा गट आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही जव्हारकडच्या डोंगरात, जिथे रस्ता नाही अशा ठिकाणी गाड्या नेतो. याला ऑफरोडिंग म्हणतात. जुलैमध्ये एक गाडी वाट चुकली. मोबाइलला रेंज नव्हती, साडेचार तास तिचा पत्ता लागला नाही. तेव्हा ठरलं की गाड्यांमध्ये वायरलेस सेट हवेत. नोव्हेंबरअखेर मोठी सफर आहे आणि हेमालीही माझ्या गाडीत असेल.

तुम्ही अठ्ठावीस वर्षं मच्छीमार सोसायटीच्या किनाऱ्यावरच्या वायरलेसवर बसलात. आमच्यापुढे तीन प्रकार आहेत. एक, हातात धरायचे छोटे सेट, परवाना लागत नाही. दुसरा, गाडीत बसवायचा, लांब एरियलचा, तोही बिनपरवान्याच्या पट्ट्यातला. तिसरा आमचे गटप्रमुख मेहुल यांनी ऑनलाइन पाहिलेला, खोक्यावर पन्नास किलोमीटर पल्ला लिहिलेला. तिन्हींविषयी तुलनात्मक अभिप्राय कळवावा, ही विनंती.

आपला,
दिग्विजय


सातपाटी,
१२ ऑक्टोबर

जावईबापू,

तुमचं पत्र पोचलं. बोईसर ते सातपाटी हे अंतर टपालाने पाच दिवसांत पार केलं. तुमच्या जीपला तासभर लागला असता. पण मध्ये सगळा डांबरी रस्ता पडला ना, तुमचा नाइलाज आहे.

पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. चांगला रस्ता सोडून दगडधोंड्यांत गाडी घालायची, ती अडकली की दुसऱ्या गाडीने ओढून काढायची, आणि याला सुट्टी म्हणायचं? आमच्या तीन पिढ्या समुद्रात गेल्या, कारण मासे रस्त्यावर मिळत नाहीत. मिळाले असते तर आम्ही कशाला भिजलो असतो? तुम्हाला त्या डोंगरात नेमकं काय मिळतं ते पुढच्या पत्रात कळवा. तुलनात्मक अभिप्राय चालेल.

माझी बहीण शकू परवा पालघरच्या बाजारात मासळी विकून आली. तिथे तुमच्यापैकी एकाची गाडी उभी होती म्हणे. "दादू, टपावर फावडा हाय, दोरखंड हाय, शिडी हाय, आन आत काचा लावून एकटा माणूस वेफर खाते." शकूला खोटं बोलता येत नाही, हे तुम्ही जाणता.

आता सेटचं. खोक्यावर पन्नास किलोमीटर लिहायला फक्त शाई लागते. समुद्र सपाट असतो, आमची एरियल डोलकाठीवर असते, तरी आम्ही एवढ्या बढाया मारल्या नाहीत. तुमच्याकडे एक टेकडी आडवी आली की तो पन्नासवाला आणि मी, दोघे सारखेच बहिरे. वायरलेसला ताकद लागते ती उंचीची. एवढं एकच वाक्य तुमच्या मेहुलशेठच्या भिंतीवर चिकटवा. शिवाय त्या सेटला परवाना लागतो. बिनपरवाना बोललात तर सुट्टी पोलीस ठाण्यात जाईल. बोटीवरचा सेट आणून लावू, असंही कोणाच्या डोक्यात येईल. तो पाण्यासाठी आहे, जमिनीवर वापरायचा नाही.

दुसरा प्रकार घ्या. पाचही गाड्यांत एकच जात. एरियल टपाच्या मधोमध लावा. पुढच्या बंपरवर शोभा येते, आवाज जात नाही. आणि त्याच पट्ट्यातला एखादा हातातला सेट प्रत्येक गाडीत ठेवा, गाडी सोडून पायी जायची वेळ आली तर. तुमच्यावर ती येणारच.

इकडे सर्व ठीक. शकू दोन वेळ गरम जेवण पाठवते, घरात माणसांची ये-जा असते, मला कसलीच उणीव नाही. हे हेमालीला मुद्दाम सांगू नका. विचारलं तर सांगा.

आज दसरा. सोसायटीने मोडीत काढलेला जुना सेट मी घरी आणून ठेवलाय, त्याला झेंडू वाहिला. तो बोलत नाही आणि मला ऐकू येत नाही, तेव्हा आमचं भांडण होत नाही.

दादू पागधरे


बोईसर,
२१ ऑक्टोबर

आदरणीय मामा,

तुमचं पत्र मी गटात वाचून दाखवलं, जावयाबद्दलचा मजकूर वगळून. म्हणजे थोडंच उरलं. मेहुल पुष्कळ हसले. त्यांनी पन्नासवाले दोन सेट आधीच मागवले होते. कारखान्याच्या फाटकापासून कॅन्टीनपर्यंत बोलून दाखवलं आणि म्हणाले, बघा, किती स्वच्छ. मी म्हटलं, कॅन्टीनपर्यंत नुसती हाक मारली तरी ऐकू जाते. मतं घेतली, चार विरुद्ध एक. पाचही गाड्यांत तुमचा दुसरा प्रकार आला. मेहुलनी आपले दोन सेट डॅशबोर्डवर शोभेला ठेवले आहेत.

माझ्या गाडीची एरियल दुकानदाराने बंपरवरच लावली होती. मी ती काढून टपाला मधोमध भोक पाडून बसवली. हेमाली स्टूल धरून उभी होती. "बाबांनी सांगितलं म्हणून गाडीला भोक?" एवढंच म्हणाली, पण दिवसभर माहेरच्या बोलीत गुणगुणत होती.

डोंगरात काय मिळतं, असं तुम्ही विचारलंत. मी अकरा वर्षं बॉयलर हाउसमध्ये आहे. तिथे प्रत्येक झडपेला नंबर आहे आणि ती कोणी, कधी, किती फिरवायची ते भिंतीवर लिहिलेलं आहे. एक रविवार असा हवा असतो की पुढे काहीच लिहिलेलं नाही. तुम्हाला हसायचं तर हसा. मी तासगावच्या कोरड्या भागातला माणूस, समुद्राचं मला कळत नाही. पण तुम्हीही डोंगर पाहिलेला नाही, मामा.

एक विचारायचं राहिलं. सेटवर बोलायचं कसं? मेहुल सारखं "कॉपी, कॉपी" म्हणतात.

आपला,
दिग्विजय


सातपाटी,
२७ ऑक्टोबर

जावईबापू,

उत्तर द्यायला शिकलात. सहा वर्षं लागली.

मेहुलशेठना सांगा, कॉपी परीक्षेत करतात. बटण दाबायच्या आधी ऐकायचं, दुसरा बोलत असेल तर गप्प बसायचं. हे तुमच्या गटाला सगळ्यांत जड जाईल. बटण दाबलं की क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो. मग तीन गोष्टी, याच क्रमाने: कोण, कुठे, काय. बाकी हवामान, चेष्टा आणि शेरोशायरी घरी येऊन करा.

आता एक आमच्याकडची गोष्ट. तुमच्या उपयोगाची नाही, पण तुम्ही आमच्या घरचे जावई, कधीतरी कळायला हवी. सातपाटीत वायरलेसवर खरी जागा कोणी सांगत नसे. एकाचं बोलणं साऱ्या बंदराच्या कानावर पडतं. एका बोटीला पापलेट लागलं आणि तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, जागा बोलून दाखवली की तासाभरात वीस बोटी तिथे जाळी टाकायला हजर. म्हणून आमच्या घरच्या बोटींचा नेम होता. दक्षिणेला असलास तर उत्तर सांग. खोल पाण्यात असलास तर किनाऱ्यालगत सांग. आणि काय मिळालं असं कोणी विचारलं तर एकच उत्तर, "काय नाय, सगला ठीक." मी इकडे बसून ते मनात उलटं करायचो आणि पाटीवर खरी जागा लिहायचो.

हेमाली दहा वर्षांची होती. शाळा सुटली की दप्तरासकट माझ्या शेजारी येऊन बसायची. दोन महिन्यांत माझ्याआधी उलटं करून पाटीवर लिहू लागली. पुढे पुढे मी चहाला गेलो की माइक तिच्याकडेच. माझा भाऊ वामन बोटीवरून म्हणायचा, "दादू, तुझे पोरीच्या तोंडचा खोटापण खरा वाटते रे." तिच्यासारखा कान अख्ख्या बंदरात नव्हता. माझं सगळं ज्ञान तिच्याकडे गेलं आणि ती ते घेऊन बोईसरच्या बॉयलरवाल्याकडे गेली. असो.

तेव्हा सफरीत सेट हेमालीच्या हातात द्या. तुम्ही स्टिअरिंग धरा. तेवढं जमेल असं धरून चालतो.

इकडे सर्व ठीक.

दादू पागधरे


बोईसर,
२८ नोव्हेंबर

आदरणीय मामा,

हे पत्र पलंगावर बसून लिहितो आहे, अक्षराकडे दुर्लक्ष करावं. आधी महत्त्वाचं, हेमाली सुखरूप आहे. तिला खरचटण्यापलीकडे काही झालेलं नाही.

रविवारी, चोवीस तारखेला, जव्हारच्या अलीकडे एका ओहोळातून आम्ही चाललो होतो. आमची गाडी शेवटची. पुढचं डावं चाक दगडावरून घसरलं आणि गाडी काठावर कलंडली. पत्रा आत वाकला आणि माझा पाय पेडलच्या खाली अडकला. घोटा मोडला आहे. प्लॅस्टर आहे, सहा आठवडे.

सेट चालू होता. पुढच्या गाड्यांशी बोलणं झालं, पण जागा सांगताना माझ्याकडून गोंधळ झाला. आम्ही ओहोळाच्या खालच्या अंगाला, मोडक्या बंधाऱ्यापाशी होतो आणि मी वरच्या अंगाला, मोठ्या आंब्यापाशी असं सांगून बसलो. त्यामुळे ते उलट दिशेने डोंगरामागे गेले आणि आवाज तुटला. शेवटी हेमाली हातातला सेट घेऊन टेकडी चढली. उंची, असं तुम्ही लिहिलं होतंत. तिथून हाक लागली. तीन तास गेले.

चूक सर्वस्वी माझी. तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा मी कळवलेलं बरं.

आपला,
दिग्विजय


सातपाटी,
३ डिसेंबर

दिग्विजयराव,

आज जावईबापू लिहायला हात होत नाही.

दहा वर्षांची पोर जे करत होती ते तुम्हाला पस्तिशी उलटल्यावर जमलं नाही. कोण, कुठे, काय, एवढे तीन शब्द मी तुम्हाला लिहून दिले होते. त्यातल्या दुसऱ्यावरच तुम्ही आपटलात. खाली असताना वर सांगितलंत! बंधारा कुठला आणि आंबा कुठला हे डोळ्यांनी दिसत होतं की तेही भिंतीवर लिहून हवं होतं? सेट हेमालीला द्या असं मी स्पष्ट लिहिलं होतं. पण नाही. चार दोस्तांपुढे माइक हातात धरून मिरवायचं असणार. बायको शेजारी बसलेली, तिच्यासारखा कान जिल्ह्यात नाही, आणि बोलणार कोण, तर तासगावचे पाटील.

सहा वर्षांपूर्वी मांडवात मी म्हटलं होतं, या माणसाला आपण कुठे उभे आहोत हेच कळत नाही. सगळ्यांना राग आला. हेमाली तेव्हापासून बोलत नाही. आता तुम्हीच स्वतःच्या अक्षरात मला लिहून दिलंत. हे पत्र मी जपून ठेवणार आहे.

तुमच्या खुळापायी माझी मुलगी एकटी डोंगर चढली. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर मला कोण कळवणार होतं? तुम्ही? चुकीच्या पत्त्यावर?

पायाला जपा. गाडी विका.

इकडे सर्व ठीक.

दादू पागधरे


बोईसर,
७ डिसेंबर

बाबा,

तुझं पत्र आधी माझ्या हाती पडलं. त्याच्या पायामुळे हल्ली टपाल मीच खालून आणते. मी ते त्याला दाखवलेलं नाही.

जागा मी सांगितली. सेट माझ्याच हातात होता, तू सांगितलंस म्हणून त्याने पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात दिला होता. गाडी कलंडल्यावर मी बटण दाबलं. चॅनेलवर दुसऱ्याच कुठल्यातरी गटाची माणसं हसत-खिदळत होती. परके कान आहेत एवढंच डोक्यात आलं. मेहुलभाईंनी विचारलं, "किधर हो?" आणि माझ्या तोंडून निघालं, वरच्या अंगाला, आंब्यापाशी. त्यांनी विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, "काय नाय, सगला ठीक." नवरा शेजारी पाय अडकून कण्हत होता आणि मी सगळं ठीक म्हणून सांगितलं, बाबा. एक क्षणही विचार करावा लागला नाही. बोलून मी निवांत बसले. कोणीतरी किनाऱ्यावर बसून उलटं करून घेईल, असंच आत कुठेतरी वाटलं असणार.

पाऊण तासाने त्याने विचारलं, "तू त्यांना काय सांगितलंस?" मी सांगितलं. तो म्हणाला, "हेमा, आपण खाली आहोत." एवढंच. मी रडायला लागले तर म्हणाला, आधी टेकडी चढ, मग रड.

घरी आल्यावर त्याने मला शपथ घातली की हे तुला कळवायचं नाही. कारण काय तर, "मामांना तुझ्या कानाचा अभिमान आहे. त्यांच्याकडे तेवढंच आहे, ते राहू दे." असा माणूस आहे हा. तू त्याला तासगावचा पाटील म्हण नाहीतर बॉयलरवाला म्हण. मी शपथ मोडली, कारण तुझं पत्र वाचून मला तुझी किळस आली.

आता तुझं. तू प्रत्येक पत्रात लिहितोस, इकडे सर्व ठीक. पहिल्यात तर लिहिलंस, शकूआत्या दोन वेळ गरम जेवण पाठवते. आत्याचा काल मला डहाणूहून फोन आला. ती गणपतीपासून लेकीकडे आहे, गुडघ्यामुळे सातपाटीला परत येणार नाही म्हणाली. मग जेवण कोण पाठवतं? घरात कोण येतं-जातं? तुझी तिन्ही पत्रं काढून मी उलटी करून वाचली. तूच शिकवलंस.

पण मी येणार नाही. तू बोलावलं नाहीस.

हेमाली


 


सातपाटी,
१२ डिसेंबर

जावईबापू आणि हेमाली,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितो, म्हणजे कोणी कोणापासून लपवायला नको.

खाली असताना वर. जावईबापूंच्या पत्रात हे वाचल्याबरोबर मला कळायला हवं होतं. दिशेची चूक माणूस कशीही करतो, पण इतकी नेमकी उलटी चूक आमच्या घरातलाच माणूस करू शकतो. अठ्ठावीस वर्षं जे मी पाच सेकंदांत ओळखत होतो, ते या वेळी डोळ्यांपुढे लिहिलेलं असून दिसलं नाही. कारण मला जावयाची चूक हवी होती. ती मिळाल्यावर मी पुढे वाचलंच नाही. मी मूर्ख आहे. हे वाक्य जावईबापूंनी जपून ठेवायला हरकत नाही. त्यांचं पत्र मी जपणार होतो, ते आज चुलीत घातलं.

मांडवात बोललो ते मागे घेतो. सहा वर्षांपूर्वीच घ्यायचं होतं.

वेफर खाणारा माणूस शकूने पाहिला नव्हता, मीच पाहिला. पालघरला कानाच्या डॉक्टरकडे गेलो होतो, सोबत कोणी नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले ते कळलं नाही, म्हणून त्यांनी कागदावर लिहून दिलं. उजवाही चालला आहे. त्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून मला विचारलं, "काका, कुठं सोडू?" हे मी त्याच्या ओठांवरून ओळखलं. मी हात हलवून नको म्हटलं आणि घरी येऊन तुम्हाला ते तसं लिहिलं. लाज वाटते.

तुमच्या ऑफरोडिंगबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. धडधाकट माणसांनी मुद्दाम ओहोळात गाडी घालणं हा खुळेपणा आहे, आणि मेहुलशेठ हे त्यातले मुख्य. प्लॅस्टर निघाल्यावर जाणारच असाल तर एरियलचा तळ नीट घट्ट करा, कलंडल्यावर तो नक्की सैल झाला असणार. गाडी इथे आणलीत तर मी स्वतः बघेन. कान गेले तरी हात आहेत.

आता नियमाप्रमाणे.

कोण: दादू पागधरे.

कुठे: सातपाटी, स्वतःच्या घरात, पुढच्या खोलीत, मोडक्या सेटशेजारी. एकटा. सकाळी भात आणि सुकट रांधतो, तेच दुपारी, तेच रात्री.

काय: काहीही ठीक नाही. या. दोघेही या. रस्ता सगळा डांबरी आहे, जावईबापूंनी तेवढं सहन करावं. हेमाली गाडी चालवेल. दार वाजवू नका, मला ऐकू येणार नाही, ढकलून सरळ आत या.

हेमाली, ही जागा खरी आहे. उलटी करू नकोस.

बाबा